भेटी बंद असताना कवितेचा कट्टा कसा चालू ठेवावा

पहिलं काम वहीचं आहे. एक वही घ्या आणि गेल्या वर्षभरात तुमच्या कट्ट्यावर आलेल्या प्रत्येक माणसाचं नाव तीत लिहा. फक्त कविता वाचणाऱ्यांची नावं नकोत. मागच्या खुर्चीत बसून नुसतं ऐकणारे, चहा सांगायला जाणारे, नातवाला घेऊन येणारी आजी, मित्राच्या आग्रहाखातर येऊन बसणारा, सगळ्यांची लिहा. नावापुढे तीन गोष्टी टिपा: फोन साधा आहे की स्मार्ट, घरात रेंज येते का, आणि फोन स्वतःचा आहे की घरात चौघांत एक. ही वही पुरी झाल्याशिवाय कुठलाही ग्रुप काढू नका.

मी हे २०२० आणि २०२१च्या अनुभवावरून लिहिते आहे. दापोली तालुक्यात आमचा छोटासा कट्टा आहे. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही जमतो. कोणी शाळेत शिकवतं, कोणाची आंब्याची बाग आहे, एक जण रिक्षा चालवतो, मी पोस्टात काउंटरवर बसते. २२ मार्च २०२०ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ तारखेला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. पाडव्याच्या संध्याकाळी आमचं वाचन ठरलेलं होतं. वाचनालयाला कुलूप लागलं ते ऑक्टोबरात उघडलं. त्या सगळ्या काळात कट्टा चालू राहिला. दुसऱ्या गावांतले लोक अजून विचारतात, कसं जमवलंत? पुन्हा तशी साथ येऊ नये हीच इच्छा. पण कोकणात वादळ, पूर, दरड यांपैकी काहीही झालं की रस्ते बंद होतात, म्हणून हे लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं.

ऐकणाऱ्याला आधी धरा

कवी कुठेही लिहितो. त्याला कट्टा नसला तरी तो रात्री उठून चार ओळी खरडेल, कोणाला तरी पाठवेल. ऐकणाऱ्याचं तसं नाही. त्याला खोली हवी, खुर्ची हवी, शेजारी ओळखीचं माणूस हवं. ते सगळं गेलं की त्याच्याकडे येण्याचं कारणच उरत नाही, आणि तो गेला की उरलेले कवी एकमेकांना कविता पाठवत बसतात, कोणी कोणाची वाचत नाही. टाळेबंदीत मी असे कितीतरी ग्रुप पाहिले. सकाळी उघडावा तर रात्रभरात ढीगभर कविता आणि प्रत्येकीखाली नुसते हात जोडलेले.

म्हणून वहीतल्या ऐकणाऱ्यांना सगळ्यात आधी फोन करा. मेसेज नको, फोनच करा. प्रकृती विचारा, घरात किराणा आहे का, औषधं मिळतात का ते विचारा, आणि मग सांगा: “शनिवारी रात्री आपण फोनवर जमणार आहोत. तुम्ही ऐकायला हवे आहात.” हे वाक्य याच शब्दांत म्हणा. आमच्याकडे एक निवृत्त कंडक्टर काका आहेत, त्यांनी आयुष्यात कविता लिहिलेली नाही. मी फोन केला तेव्हा म्हणाले, “ताई, माझं काय काम तिथे? मी कुठे लिहितो?” मी म्हटलं, “काका, तुम्ही नाही आलात तर आम्ही वाचायचं कोणापुढे?” ते त्या शनिवारी आले आणि पुढे एकही बैठक त्यांनी चुकवली नाही.

मोठ्या मांडवाला थांबावं लागतं, ते बरोबरही आहे. नाशिकचं ९४वं साहित्य संमेलन मार्च २०२१मध्ये व्हायचं होतं. रुग्ण वाढले म्हणून ते पुढे ढकललं आणि ३ ते ५ डिसेंबरला झालं. हजारो माणसं जमवायची तर दुसरा मार्ग नव्हता. पाच-पंचवीस माणसांच्या कट्ट्याला मात्र थांबायचं कारण नाही. आपलं लहान असणं हीच अशा वेळी सोय होते.

साधा फोन

आमच्यातल्या निम्म्या लोकांकडे तेव्हा बटणांचा फोन होता. ज्यांच्याकडे स्मार्टफोन होता त्यांनाही नेटची रेंज सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळाच्या पठारावर, जाऊन मिळायची. म्हणून आम्ही साध्या कॉन्फरन्स कॉलपासून सुरुवात केली, आणि आजही कोणी विचारलं तर मी आधी तोच सांगते.

पद्धत अशी. एका कॉलमध्ये पाच-सहा जण जोडता येतात. ज्याच्याकडे अमर्याद कॉलचं रिचार्ज आहे आणि घरात पक्की रेंज आहे त्याला ‘जोडणारा’ नेमा. तो एकेकाला फोन लावतो, जोडून घेतो. त्या दिवसांत प्रत्येक कॉलच्या आधी खोकल्याचा आवाज आणि कोरोनाची सूचना वाजायची, त्यामुळे सगळे जोडले जाईपर्यंत वेळ जायचा. तो वेळ धरूनच चला. माणसं जास्त असतील तर एकाच वेळी दोन-तीन कॉल चालवा, प्रत्येकाचा जोडणारा वेगळा, आणि दर आठवड्याला माणसं फिरवा. त्याच त्या पाच जणांची टोळी होऊ देऊ नका. प्रत्येक कॉलमध्ये निदान दोन तरी न लिहिणारे असलेच पाहिजेत.

वेळ ठरवताना घरं कशी चालतात ते बघा. मार्चअखेरपासून रात्री नऊला दूरदर्शनवर रामायण लागायचं, त्या वेळी कॉल ठेवला असता तर आम्हाला कोणी मिळालं नसतं. बायकांना विचारून वेळ ठरवा, हे मी फार आग्रहाने सांगते. टाळेबंदीत घरातली सगळी माणसं चोवीस तास घरात होती. चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, भांडी, पुन्हा चहा. आमच्यात लिहिणाऱ्या बायकांना स्वयंपाकघराबाहेर बसायला जागा नव्हती, मग वही उघडणं दूरच. जूनमध्ये मुलांची ऑनलाइन शाळा सुरू झाली आणि घरातला एकुलता स्मार्टफोन मुलांकडे गेला. म्हणून आम्ही रात्री दहाची वेळ धरली. भांडी आवरलेली, मुलं झोपलेली, फोन मोकळा. एक वहिनी मागच्या पडवीत येऊन, दार ओढून घेऊन वाचायची. तिच्या आवाजामागे रातकिडे ऐकू यायचे. तिने त्या पावसाळ्यात जितकं लिहिलं तितकं आधी कधी लिहिलं नव्हतं. वेळ तिची होती म्हणून ते झालं.

कॉल अर्ध्या तासाचा ठेवा. एकाने एकच कविता वाचायची, दोनदा वाचायची. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा कान त्या आवाजाला सरावतो, दुसऱ्यांदा कविता पोचते. समोरासमोर असताना चेहऱ्यावरून, हातावरून अर्धी कविता कळते. फोनवर तो आधार नसतो, म्हणून वाचणाऱ्याने रोजच्या बोलण्यापेक्षा सावकाश वाचायचं आणि कडवं संपलं की थांबायचं. स्पीकर बंद, फोन कानाला, टीव्ही आणि पंखा बंद. एवढं केलं की आवाज स्वच्छ येतो.

दाद कशी द्यायची

खोलीत दाद आपोआप जाते. कोणी मान हलवतं, कोणी ‘क्या बात है’ म्हणतं, कोणी ओळ परत म्हणायला लावतं. फोनवर कविता संपते आणि पलीकडे शांतता. वाचणाऱ्याला वाटतं कॉल तुटला. “आहात का?” असं विचारावं लागणं कवीला फार लागतं, हे मी स्वतः सोसलेलं आहे.

यावर आम्ही एक नियम केला आणि तो अजून पाळतो. कविता संपली की प्रत्येक ऐकणाऱ्याने आपल्या लक्षात राहिलेली एक ओळ, किंवा नुसता एक शब्द, परत म्हणायचा. ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘खूपच सुंदर’ बंद. ओळ आठवत नसेल तर “मला परत ऐकायची आहे” असं म्हणायचं. त्यात कमीपणा नाही. झालं असं की लोक खरोखर कान देऊन ऐकायला लागले, कारण शेवटी ओळ म्हणायची असते. आणि कवीला कळायला लागलं की आपली कुठली ओळ पोचते आणि कुठली कोणालाच आठवत नाही. कंडक्टर काकांनी धरलेली ओळ बहुतेक वेळा त्या कवितेतली सगळ्यात खरी ओळ असायची. आमच्यातले दोघे जण पुढे कविता पक्की करण्याआधी काकांना ऐकवायला लागले.

सुधारणा सुचवायच्या असतील तर त्या कॉलवर सुचवू नका. दुसऱ्या दिवशी त्या एका माणसाला फोन करून सांगा. काळजीने आधीच वाकलेल्या माणसाला चार जणांदेखत मात्रा मोजून दाखवण्याची ती वेळ नसते.

पडद्यावरची बैठक

एप्रिलच्या अखेरीस व्हॉट्सॲपच्या ग्रुप कॉलमध्ये चारऐवजी आठ जणांना बसता यायला लागलं. झूमच्या फुकट बैठकीला ४० मिनिटांची मर्यादा असते. पुण्या-मुंबईतली आणि आखातात अडकून पडलेली आमची माणसं जोडायला झूम कामाला आलं, म्हणून महिन्यातून एक बैठक आम्ही तिथे घ्यायचो. मर्यादेचा त्रास वाटून घेऊ नका. ४० मिनिटांत आठ जणांचं वाचन आणि त्यावरच्या ओळी नीट बसतात. बसत नाही ते स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षीय भाषण आणि आभार. ते सगळं काढून टाका.

ज्याची रेंज कच्ची त्याला पहिला वाचू द्या. वाचणाऱ्याने व्हिडिओ बंद ठेवला तरी चालेल, आवाज तुटण्यापेक्षा चेहरा न दिसलेला बरा. सगळ्यांना म्यूट करून टाकू नका. दोघा-तिघांना ‘बोलते श्रोते’ नेमा, त्यांचे माइक चालू राहतील. तेवढ्या हुंकारावर माणूस वाचू शकतो.

ज्यांना ठरल्या वेळी येता येत नाही त्यांना कविता आवाजात पाठवायला सांगा. घरात रेकॉर्ड करायची, दुसऱ्या दिवशी सड्यावर किंवा बाजारात रेंज मिळाली की ती जाते. ग्रुपवर आठवड्याचा एक दिवस फक्त आवाजातल्या कवितांचा ठेवा आणि त्या दिवशी दुसरं काहीही टाकू देऊ नका, औषधांचे काढे आणि आकडेवारी तर मुळीच नाही. ॲडमिनने इथे कडक राहावं. माणसं रागावतात, चार दिवसांनी परत येतात.

पोस्टकार्ड

माझ्या खात्याचं आहे म्हणून सांगत नाही, पण कट्टा धरून ठेवण्यात पोस्टकार्डाचा वाटा फोनच्या खालोखाल आहे. टपाल अत्यावश्यक सेवेत होतं, पोस्ट उघडं होतं. रेल्वे बंद असल्याने बाहेरगावचं टपाल रखडायचं, पण आसपासच्या गावांत कार्ड पोचत होतं. पोस्टकार्ड ५० पैशांना मिळतं, अंतर्देशीय पत्र २.५० रुपयांना. पंचवीस माणसांच्या कट्ट्याला महिन्याचा खर्च एका जेवणाइतकाही येत नाही.

कार्डाच्या लिहायच्या बाजूवर मध्यम अक्षरात बारा ते चौदा ओळी बसतात. तेवढ्यात बसेल अशीच कविता लिहा. पत्त्याच्या बाजूला डावीकडे जी जागा उरते तिथे मजकूर लिहिता येतो, तिथे आधी आलेल्या कार्डातली तुम्हाला आवडलेली ओळ लिहा. जेल पेन वापरू नका, पावसात शाई पसरते. साधं बॉलपेन घ्या. पिनकोड विसरू नका, आणि गावात एकाच नावाची दोन-तीन घरं असतात तेव्हा वाडीचं नाव घाला.

प्रत्येकाने प्रत्येकाला पाठवायची गरज नाही. साखळी लावा. वहीतल्या नावांचा एक क्रम ठरवा. प्रत्येक जण आपल्या पुढच्याला कार्ड पाठवतो, पंधरवड्याने क्रम बदलतो. ज्यांच्याकडे फोन नाही, ज्यांना कानाने कमी येतं, ज्यांना फोनवर बोलायचा संकोच आहे, त्यांच्यासाठी ही साखळी म्हणजेच कट्टा असतो. आमच्या एका आजींना ऐकू येत नाही, दिसतं मात्र अजून चष्म्याशिवाय. त्यांच्याकडे आलेली सगळी कार्डं त्यांनी खिळ्याला टोचून ठेवली आहेत.

दुसरा प्रकार फिरत्या वहीचा. शंभर पानी एक वही घरोघर फिरते, प्रत्येक जण एक कविता आणि आधीच्या कवितेवर चार ओळी लिहून पुढे देतो. साथीच्या दिवसांत वही आली की दिवसभर उन्हात ठेवायची आणि मग हात लावायचा असं आम्ही ठरवलं होतं. वहीला मर्यादा घाला: कोणाकडे आठवड्यापेक्षा जास्त राहायची नाही. आणि निघण्यापूर्वी पानांचे फोटो काढून ठेवा.

वादळानंतर

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं. ते किनाऱ्याला लागलं श्रीवर्धनजवळ, पण हर्णै, आंजर्ले, केळशी या आमच्या पट्ट्यालाही त्याने झोडपून काढलं. माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, घरांवरचे पत्रे उडाले. वीज गेली आणि काही गावांत ती कित्येक आठवडे आली नाही. मोबाइलचे टॉवर बंद. आम्ही उभं केलेलं फोनचं सगळं थांबलं.

अशा वेळी आठवडाभर कवितेचं नावही काढू नका. वहीतल्या नावांची वाटणी करा, ज्याला जिथवर जाता येतं तिथवर जाऊन विचारून या: छप्पर आहे का, प्यायचं पाणी आहे का, मेणबत्त्या हव्यात का. रिक्षावाल्या भावाने ताडपत्र्या पोचवल्या. फोन नंबर कागदावर लिहिलेले असले पाहिजेत, कारण फोन बंद पडला की नंबरही गेले. हे आधी करून ठेवायचं काम आहे.

मग कविता कधी? कोणीतरी मागेल तेव्हा. आमच्यातले तात्या बागाईतदार. वादळानंतर काही दिवसांनी ते पैसे काढायला पोस्टात आले. तोंडाला पंचा बांधलेला. काचेखालून त्यांनी एसबी-७ चा फॉर्म सरकवला, मी रक्कम पाहिली, सही पाहिली. ते म्हणाले, “मागे बघ.” फॉर्मच्या पाठीवर त्यांनी पडलेली झाडं लिहिली होती, एका ओळीत एक. विहिरीवरचा माड, बाबांनी लावलेला. गोठ्यामागचा फणस, पोरीच्या बारशाला लावलेला. पायवाटेवरचा रायवळ, कोणी लावला माहीत नाही. अशा ओळी पार कडेपर्यंत गेलेल्या. मागे रांग होती. मी त्यांना दुसरा कोरा फॉर्म दिला, त्यावर पैसे दिले आणि पहिला माझ्याकडे ठेवून घेतला. रेंज आली तेव्हा पहिल्या कॉलवर मी तो वाचला. त्या रात्री नियमाप्रमाणे प्रत्येकाने एक ओळ परत म्हणायची होती. प्रत्येकाने एकेक झाड म्हटलं. कोणतंही झाड दोनदा आलं नाही.

नव्या माणसांना घ्या

मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी गावी आले. त्यांना चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवत. गावात भीती होती, कुजबुज होती, काही ठिकाणी भांडणं झाली. कट्ट्याने अशा वेळी बाजूला राहू नये. आम्ही शाळेत असलेल्यांच्या नावाने पोस्टकार्डं पाठवली, शाळेचा पत्ता घालून. त्यात एक कविता आणि एकच वाक्य: तुम्हाला काही लिहावंसं वाटलं तर याच पत्त्यावर पाठवा.

शाळेत कार्ड किंवा पेन कोणाकडे नव्हतं. डोंबिवलीहून आलेल्या एका पोराने खडूने फळ्यावर लिहिलं. पोस्टमनने खिडकीबाहेरून फोटो काढला. फळ्याच्या कोपऱ्यात मार्चातली तारीख, वार आणि पट तसाच होता, त्याखाली ही कविता. ज्या खोलीत तो पहिलीला बसला होता त्याच खोलीत त्याला आता आईला लांबून बघावं लागत होतं, असं काहीसं त्यात होतं. चौदा दिवस संपल्यावर तो कट्ट्याच्या कॉलवर आला. पुढे नोकरी परत मिळाल्यावर मुंबईला गेला, पण दर शनिवारी असतो.

विषय काय द्यावा

विषय द्या, माणसांना बसायला खुंटी मिळते. पण ‘कोरोना’ हा विषय देऊ नका. ज्याला त्याबद्दल लिहायचं तो लिहील. विषय म्हणून दिला की सगळीकडून विषाणू, राक्षस, निसर्गाचा सूड अशी एकसारखी कविता येते आणि ऐकणाऱ्याची आधीची घालमेल आणखी वाढते. हाताला लागणाऱ्या वस्तू द्या. आम्ही एप्रिलमध्ये ‘आंब्याची पेटी’ दिला, कारण तेव्हा पेट्या भरून पडल्या होत्या आणि बाजार बंद. मग ‘रेशनची रांग’, ‘कुलूप’, ‘मीठ’, ‘शेजारचं अंगण’. यातल्या कवितांमध्ये साथ आपोआप आली, आणि खरी आली.

बोलीत लिहू द्या. फोनवर माणूस प्रमाण भाषेत वाचायला लागला की अडखळतो, घरच्या बोलीत वाचायला लागला की आवाज मोकळा होतो. दुसऱ्या भागातल्या श्रोत्याला शब्द कळला नाही तर तो विचारेल. विचारू द्या.

नाव आणि जतन

व्हॉट्सॲपवर गेलेली कविता चार दिवसांत नाव गळून परत येते, किंवा एखाद्या मोठ्या कवीच्या नावाने येते. आमच्या वहिनीची कविता तिच्याच बहिणीने तिला ‘वाच, किती छान’ म्हणून पाठवली, खाली भलतंच नाव. उपाय जुनाच आहे. तुकोबा, जनाबाई, नामदेव यांनी नाव अभंगाच्या आत गुंफलं, म्हणून ते शेकडो वर्षं तोंडातोंडी फिरूनही टिकलं. शेवटच्या ओळीत नाव गुंफता येत असेल तर गुंफा. नाहीतर आवाजात पाठवताना सुरुवातीला आणि शेवटी नाव, गाव आणि महिना म्हणा. लिहून पाठवताना कवितेच्या मधल्या एका कडव्यानंतरही नाव घाला. कापणारा वरचं-खालचं कापतो, मधलं राहतं.

आणि साठवा. केशवसुत आमच्याच जिल्ह्यातल्या मालगुंडचे. १९०५मध्ये हुबळीला प्लेगने गेले. त्यांच्या कविता त्यांच्या हयातीत पुस्तकात आल्या नाहीत, मागे राहिलेल्यांनी त्या जमवल्या म्हणून आपल्याला मिळाल्या. साथीत जमवणारा कोणीतरी नेमलेला असावा लागतो. व्हॉट्सॲपमधल्या आवाजाच्या फाइलच्या नावात नुसती तारीख आणि आकडे असतात, कोणाची कविता ते कळत नाही. दर रविवारी एकाने त्या उतरवून घ्यायच्या, नाव बदलून कवीचं नाव, कवितेची पहिली ओळ आणि महिना असं करायचं, आणि दोन वेगवेगळ्या घरांत दोन पेनड्राइव्हवर ठेवायच्या. फोन हरवतो, पाण्यात पडतो. जुलै २०२१मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा कितीतरी घरांतल्या वह्या आणि पुस्तकं गेली. कागदही दोन ठिकाणी हवा.

माणूस गेल्यावर

एप्रिल-मे २०२१मध्ये आमच्यातली माणसं गेली. अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती, आणि रुग्णालयातून गेलेल्यांच्या वेळी तर तितकीही पोचत नव्हती. कोणाच्या घरी जाऊन बसता येत नव्हतं.

आधी घरच्यांना विचारा, तुमची इच्छा असेल तर आम्ही त्यांच्या कविता वाचू. ते हो म्हणाले तर त्यांनाही कॉलवर घ्या, त्यांनी बोलायची सक्ती नाही. भाषणं नकोत, ‘पोकळी’ नको, फक्त कविता वाचा. गेलेल्या माणसाचा स्वतःचा आवाज साठवलेला असला तरी तो लगेच लावू नका. घरच्यांना द्या, ते म्हणतील तेव्हा लावा. एका घराने वर्षभराने परवानगी दिली.

आमच्या कंडक्टर काकांच्या पत्नी गेल्या. त्या कट्ट्यावर यायच्या, बसायच्या, लिहीत नव्हत्या. मग काय वाचायचं? वहीत मी दर बैठकीला कोणी काय परत म्हणायला लावलं ते टिपून ठेवते. त्यात त्यांच्या नावापुढे बहिणाबाई बऱ्याच वेळा होत्या, पडवीतल्या वहिनीची पावसाची कविता होती, आणि तात्यांची झाडं होती. आम्ही त्या क्रमाने तेच वाचलं. काका शेवटी म्हणाले, “हे सगळं तिला आवडायचं हे मला ठाऊक नव्हतं.” म्हणून सांगते, ऐकणाऱ्यांच्या पसंतीची नोंद ठेवा. ती नोंद दुसरं कोणी ठेवत नाही.

परत भेटायला लागल्यावर

एकदम खोलीत जाऊ नका. आम्ही पहिल्यांदा समोरासमोर जमलो ते २४ डिसेंबर २०२०ला, साने गुरुजींच्या जयंतीला. गुरुजी आमच्या तालुक्यातल्या पालगडचे. उघड्या अंगणात, दूर दूर खुर्च्या मांडून, मास्क लावून बसलो. वाचणारा तेवढा मास्क उतरवणार, आणि तो बाकीच्यांपासून सगळ्यात लांब उभा राहणार असं ठरवलं. माइक फिरवायचा नाही. चहाचा पेला प्रत्येकाने घरून आणायचा. दुसऱ्या लाटेत पुन्हा फोनवर गेलो, तेव्हा सगळं तयारच होतं.

आता वाचनालयाची खोली पुन्हा भरते. तरी शनिवारचा कॉल बंद करू नका. ज्यांना जिना चढता येत नाही, जे मुंबईला परतले, ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे, ते याच कॉलवर कट्ट्याला आले होते. भेटी सुरू झाल्या म्हणून तो बंद केलात तर तुम्ही त्यांना बाहेर काढलंत असं होईल. रविवारच्या बैठकीतही एक फोन चालू ठेवा, वाचणाऱ्याच्या अगदी जवळ, टेबलावर घडी केलेल्या रुमालावर, म्हणजे टेबलाचा खडखड आवाज पलीकडे जात नाही. पंखा त्या कोपऱ्यातला बंद ठेवा. आणि कविता संपली की ओळ आधी फोनवरच्या माणसांना म्हणू द्या, मग खोलीतल्यांना.